बायोगॅस प्रकल्पातील दुर्गंधी कशी आवरावी: नव्याने काम हाती घेणाऱ्यांसाठी

पुण्याच्या हद्दीत ओल्या कचऱ्यावर चालणाऱ्या एका बायोगॅस प्रकल्पात मी रुजू झालो तेव्हा पहिल्या वर्षी यंत्रांच्या बिघाडाइतकाच माझा वेळ वासाच्या तक्रारींत गेला. या तक्रारी हलक्याने घेण्याजोग्या नसतात. कोथरूडचा कचरा डेपो जिथे होता तिथे आज मेट्रोचा डेपो उभा आहे, पण तो वास आठवणारी माणसे अजून त्याच परिसरात राहतात. आणि उरुळी देवाची व फुरसुंगी इथल्या ग्रामस्थांनी कचऱ्याविरुद्ध किती वर्षे आंदोलने केली हे साऱ्या शहराला ठाऊक आहे. त्यामुळे शेजारी कचऱ्यापासून गॅस तयार होणार म्हटले, की लोक सर्वांत आधी वासाचेच विचारतात आणि तो प्रश्न अगदी रास्त असतो.

नव्या माणसाने सुरुवातीलाच एक गोष्ट समजून घ्यावी. बायोगॅसमधल्या मिथेनला आणि कार्बन डायऑक्साइडला वास नसतो, आणि पाचक टाकी, म्हणजे कचरा हवेविना कुजून गॅस तयार होतो ती टाकी, घट्ट बंद असेल तर तिचा वास बाहेर येण्याचे कारण नसते. वास येतो तो टाकीच्या आधीच्या आवारातून, टाकीतून पचून बाहेर पडणाऱ्या पातळ लगद्यातून म्हणजे स्लरीतून, आणि मधल्या झडपा, झाकणे व नाल्यांतून. देहूच्या डॉ. मापुसकरांनी मैल्यावर चालणारे बायोगॅस संयंत्र घरांच्या शेजारी बसवून दाखवले, ते सगळे बंद वाटेने नेल्यामुळेच शक्य झाले. म्हणून वास मारणारे औषध शोधण्याआधी वास कोणत्या वाटेने बाहेर पडतो ते शोधावे. पुढची सर्व कामे याच क्रमाने लावली आहेत.

वास ओळखायला शिकावे

"वास येतो" एवढ्या तक्रारीवरून काहीही दुरुस्त करता येत नाही. कसला वास येतो हे कळले तर निम्मा शोध तिथेच संपतो. सडलेल्या अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो, आणि तो आला म्हणजे कुठेतरी गॅस गळतो आहे किंवा एखाद्या खड्ड्यात घाण पाणी हवेविना साचून राहिले आहे. कुजलेल्या कोबीचा किंवा शिळ्या लसणाचा वास मरकॅप्टन आणि त्यांच्या जातीच्या गंधकयुक्त पदार्थांचा असतो. गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून कोबी, फ्लॉवर, मुळा आणि कांद्याचा पाला आला आणि एक दिवस पडून राहिला, की हा वास हमखास येतो. खवट तुपासारखा, ओकारी आणणारा आंबट वास ब्युटिरिक आणि तत्सम आम्लांचा असतो, आणि त्याचे मूळ दोनच ठिकाणी असते: एक तर कचरा हॉपरमध्ये, म्हणजे दळणयंत्रावरच्या पेटीत, फार वेळ थांबला आहे, नाही तर पाचक टाकी आंबली आहे. मुतारीसारखा, डोळ्यांना झोंबणारा वास अमोनियाचा. तो स्लरीच्या टाकीवर किंवा खत वाळवण्याच्या ओट्यावर सापडतो. ताडीसारखा गोडसर आंबूस वास मात्र केवळ ताजी फळे फसफसू लागल्याची खूण असते आणि कचरा त्याच दिवशी आत गेला तर त्याचा त्रास होत नाही. नीट पचलेल्या स्लरीला ओल्या मातीसारखा वास येतो. हा शेवटचा वास नाकात बसवून ठेवावा, कारण पुढे तोच मापाचा दगड ठरतो.

पाळीवर सहा तास काढलेल्या माणसाचे नाक या कामाला चालत नाही. नाक वासाला सरावते आणि मग खरोखरच काही कळत नाही. आमच्याकडे सकाळी फाटकातून आत येणारा पहिला माणूस हातपाय धुण्याआधी आणि चहा घेण्याआधी कुंपणाच्या कडेने एक फेरी मारतो, आणि ठरलेल्या आठ ठिकाणी वासाला शून्य ते पाच असे गुण देऊन प्रकार लिहितो. या फेरीला पंधरा मिनिटे लागतात.

इथे जिवाच्या सुरक्षिततेविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. हायड्रोजन सल्फाइड अगदी थोडा असताना, म्हणजे हवेच्या अब्ज भागांत काही भाग एवढा असतानाही, नाकाला कळतो. पण तो सुमारे १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) घरात गेला, की गंधाची जाणीवच बधिर होते आणि वास "गेला" असे वाटते. त्याहून बराच वाढला तर माणूस काही श्वासांतच कोसळू शकतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने खड्डे, सम्प (घाण पाणी गोळा करण्याचे हौद) आणि रिकाम्या टाक्यांच्या तळाशी साचतो. त्यामुळे वास नाही म्हणून धोका नाही, असे कधीही मानू नये. छातीजवळ चालू गॅस मीटर, बाहेर पहारा देणारा सहकारी, पुरेसे वायुवीजन आणि आत उतरण्याची लेखी परवानगी यांखेरीज कोणीही सम्पमध्ये किंवा टाकीत उतरू नये. आणि कोणी आत कोसळलाच तर त्याच्या मागोमाग श्वसनयंत्राविना उतरू नये, कारण अशा अपघातांत दुसरा बळी बहुधा वाचवायला गेलेल्याचाच जातो.

कचरा उतरवण्याची जागा

माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक तक्रारींचे मूळ इथे असते. सोसायट्यांतून सकाळी सातला गोळा झालेला ओला कचरा गाड्या बदलत दुपारी प्रकल्पावर पोहोचतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा पुण्यात पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा तो गाडीतच कुजायला लागलेला असतो. म्हणून पहिले काम कुंपणाबाहेरचे आहे: गाड्यांच्या वेळा ठरवून घ्याव्यात, गळणारी गाडी परत न पाठवता तिची नोंद करून ती धुवून सोडावी, आणि ओल्या कचऱ्यात प्लॅस्टिक व सॅनिटरी कचरा येत असेल तर वेचक कामगारांशी व त्या सोसायटीशी थेट बोलावे. वर्गीकरण बिघडले की हाताने निवडण्यात वेळ जातो, तेवढा वेळ कचरा उघडा राहतो आणि वास वाढतो.

आवारात आल्यावर नियम एकच ठेवावा, की आलेला कचरा त्याच दिवशी दळून टाकीच्या वाटेला लागला पाहिजे आणि आधी आलेला आधी गेला पाहिजे. दळणयंत्र बंद पडले तर काय करायचे हे यंत्र चालू असतानाच ठरवून ठेवावे, कारण बंद पडल्यावर प्रत्येक तासाला चार टन कचरा दारात उभा असतो. शेडला शटर असावे आणि गाडी आत आल्यावर ते खाली ओढले जावे. हे सांगायला सोपे असले तरी पाळायला सर्वांत अवघड आहे. उकाड्यात काम करणारी माणसे शटर उघडे ठेवणारच, म्हणून आत हवा खेळती ठेवणे ही वासाइतकीच त्यांच्या आरोग्याचीही गरज आहे. फरशीला उतार असावा, सांधे भरलेले असावेत आणि रोज संध्याकाळी फरशी धुतली जावी. ते धुण्याचे पाणी मात्र झाकलेल्या नालीतून थेट टाकीकडेच जायला हवे.

या पाण्याची एक हकीकत सांगतो. एका डिसेंबरात उतारावरच्या सोसायटीतून एका काकूंचा रोज पहाटे फोन येत असे: "अहो, आज परत आला बरं का वास. साडेपाचला खिडकी उघडली आणि लगेच लावून घेतली." आम्ही पाचक टाकीभोवती मीटर फिरवला, फ्लँज (नळांचे सांधे) तपासले, गॅस साठवण्याच्या फुग्याच्या कडा साबणाच्या पाण्याने पाहिल्या, आणि काहीच सापडले नाही. तोवर कोणीतरी सुगंधी फवारा बसवायचे सुचवले आणि आम्ही तो मागवलाही. शेवटी आमचा जुना फिटर म्हणाला, "साहेब, दिवसा काय दिसणार? पाचला या." बायोगॅसच्या आवारात उदबत्ती पेटवता येत नाही, म्हणून त्याने बांबूच्या टोकाला रेशमाचा एक बारीक धागा बांधला होता. त्या गार, स्तब्ध हवेत तो धागा जागोजागी धरत आम्ही चालत गेलो, आणि शेडच्या मागच्या कोपऱ्यात तो अलगद आडवा होऊन ओढ्याच्या दिशेला वळला. तिथे कचऱ्याच्या पाण्याचा सम्प होता. पंप दुरुस्तीसाठी काढलेले त्याचे लोखंडी झाकण तीन आठवडे भिंतीला टेकून उभे होते आणि त्याच्यावर कोळ्याने जाळे विणले होते. झाकण रबरी पट्टीसह बसवले, नालीच्या तोंडाशी पाण्याचा ट्रॅप केला आणि सम्पमधली हवा नळीने बायोफिल्टरकडे, म्हणजे जिवाणूंकरवी वास काढणाऱ्या हौदाकडे, ओढली. दुसऱ्या आठवड्यात काकूंचा फोन आला तो वास थांबल्याचे सांगायला. तेव्हापासून मी कोणत्याही प्रकल्पावर गेलो की आधी झाकणे मोजतो.

टाकीचे पचन

पाचक टाकी आजारी पडली की तिच्यातून निघणाऱ्या स्लरीला वास येतो, आणि पुढच्या कोणत्याही यंत्राने तो पूर्णपणे जात नाही. टाकीतल्या जिवाणूंचे दोन गट असतात: एक आम्ले तयार करतो, दुसरा ती आम्ले खाऊन मिथेन बनवतो. दुसरा गट मंद असतो. त्याच्या ताकदीपेक्षा जास्त खाणे घातले, की आम्ले साचतात, सामू (पीएच) उतरतो आणि खवट तुपाचा वास सुरू होतो. सामू ६.८ ते ७.५ च्या दरम्यान असावा हे सर्वांना माहीत असते. पण सामू उशिरा बोलतो. त्याआधी बोलते ते बाष्पनशील आम्ले आणि क्षारता यांचे गुणोत्तर. ते ०.३ च्या आसपास असेल तर टाकी ठीक आहे, ०.४ च्या वर सरकू लागले तर त्याच दिवशी खाणे कमी करावे. ही चाचणी साध्या टायट्रेशनने प्रकल्पावरच होते आणि आठवड्यातून किमान तीनदा ती करावी.

नव्या प्रकल्पाला सर्वांत जास्त वास पहिल्या दोन-तीन महिन्यांत येतो, कारण उद्घाटन झालेले असते आणि पूर्ण क्षमतेने कचरा घेण्याचा आग्रह होत असतो. गाईच्या शेणाने किंवा चालू प्रकल्पातल्या स्लरीने टाकी भरून घ्यावी, आणि कचरा आठवड्या-आठवड्याने वाढवत न्यावा. याबाबत वरिष्ठांशी वाद घालावा लागला तरी तो घालावा.

पुण्यात तीन प्रसंग विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहेत. गणेशोत्सवात निर्माल्य एकदम येते, आणि त्यातला दोरा, प्लॅस्टिक व थर्माकोल निवडून काढेपर्यंत फुले कुजतात, म्हणून त्या दहा दिवसांसाठी जादा माणसे आधीच ठरवावीत. आंब्याच्या हंगामात साली आणि कोयींमुळे साखर वाढते आणि टाकी पटकन आंबते. हिवाळ्यात रात्रीचे तापमान दहा अंशांच्या खाली जाते तेव्हा ३५ ते ३८ अंशांवर चालणारी टाकी गरम ठेवण्याची सोय नसेल तर पचन मंदावते, आणि त्या काळात खाणे कमी करण्यावाचून इलाज नसतो. हॉटेलांच्या कचऱ्यातले तेल आणि मटण-चिकनचे अवशेष हा वेगळा विषय आहे. ते थोडे थोडे मिसळून द्यावेत, एकदम देऊ नयेत, कारण प्रथिनांमुळे अमोनिया आणि गंधक दोन्ही वाढतात.

गॅस आणि गंधक

अंदाज यावा म्हणून एक हिशेब मांडतो. वीस टन ओल्या कचऱ्यापासून दिवसाला साधारण २,००० घनमीटर बायोगॅस मिळाला आणि त्यात २,००० पीपीएम हायड्रोजन सल्फाइड असला, तर तो दिवसाला सुमारे साडेपाच किलो होतो. सीबीजी, म्हणजे शुद्ध करून दाबाखाली भरलेला बायोगॅस, यासाठीच्या आयएस १६०८७:२०१६ या मानकानुसार एकूण गंधक घनमीटरला २० मिलिग्रॅमच्या आत आणावे लागते, म्हणजे जवळपास सगळाच काढावा लागतो. काढलेला हा गंधक कोठे जातो हा प्रश्न नव्या माणसाने यंत्र विकायला आलेल्या प्रत्येकाला विचारावा.

कार्बन डायऑक्साइड काढण्यासाठी पाण्याने किंवा अमाइन या रसायनाने गॅस धुण्याच्या पद्धतींत विरघळलेला हायड्रोजन सल्फाइड पुढच्या मनोऱ्यात पुन्हा सुटतो आणि कार्बन डायऑक्साइडसोबत धुराड्यातून बाहेर पडतो. शुद्ध गॅस मानकात बसतो, मीटर हिरवा दाखवतो आणि शेजारी मात्र नाक धरून बसतात. यावर उपाय म्हणजे गंधक गॅस धुण्याच्या आधीच काढणे. टाकीतच लोहाचे क्षार घातले तर गंधक काळ्या लोह सल्फाइडच्या रूपात स्लरीत बसतो. मला ही पद्धत लहान प्रकल्पांसाठी सर्वांत समजूतदार वाटते. टाकीच्या वरच्या भागात गॅसच्या २ ते ६ टक्के हवा सोडून जिवाणूंकरवी गंधक काढण्याची पद्धत स्वस्त आहे, पण ती गॅस जाळून वीज किंवा उष्णता करणाऱ्यांसाठी ठीक. सीबीजी करणाऱ्याला हवेतला नायट्रोजन नंतर सहजी काढता येत नाही, आणि हवा प्रमाणाबाहेर गेली तर स्फोटाचा धोकाही असतो. लोह ऑक्साइडचे जाळीदार माध्यम वापरले असेल तर ते संपल्यावर भांडे एकदम उघडून माध्यम उन्हात टाकू नये. ते हवेशी झपाट्याने तापते आणि पेट घेऊ शकते. आधी ओले करावे, मग हळूहळू हवा द्यावी.

दोन लहान जागा विसरल्या जातात. जास्तीचा दाब सोडणाऱ्या वाटेवर गॅस अडवून धरणारे वॉटर सीलमधले पाणी उन्हाळ्यात आटते, आणि मग तिथून गॅस शांतपणे निसटत राहतो. ती पातळी रोज पाहावी. दुसरी जागा फ्लेअरची, म्हणजे जादा गॅस जाळून टाकणाऱ्या ज्योतीची: फ्लेअर पेटला नाही आणि गॅस तसाच सुटला तर वास आणि मिथेन दोन्ही बाहेर जातात, म्हणून त्याची ठिणगी दर आठवड्याला तपासावी. शहराच्या जाळ्यात गॅस देणाऱ्या प्रकल्पात गळती कळावी म्हणून मुद्दाम गंध मिसळला जातो, आणि त्याचा सांडलेला एक थेंबही गल्लीभर पसरतो. अशा वेळी पाचक टाकीला दोष देत बसू नये.

स्लरी

पचलेल्या स्लरीतही थोडे पचन चालू राहते, त्यामुळे तिची टाकी झाकलेली असावी आणि तिच्यातला उरलेला गॅस मुख्य फुग्याकडे नेलेला असावा. स्क्रू प्रेसमधून घन भाग वेगळा करताना अमोनिया उडतो, म्हणून तो प्रेस उघड्यावर नको. घन खताचे ढीग फार उंच करू नयेत आणि पावसात भिजू देऊ नयेत, कारण भिजलेला ढीग आतून पुन्हा हवेविना सडतो. द्रव भाग शेतकऱ्याला देताना वरून उडवण्याऐवजी सरीत सोडून लगेच माती ओढायला सांगावे. त्याने वास कमी होतो आणि नत्रही पिकाच्या वाट्याला येते. शेतकऱ्यांशी टँकरच्या खेपा आधी ठरलेल्या नसल्या, तर पावसाळ्यात शेते चिखलात असताना टाकी भरून वाहते, आणि त्या एका आठवड्यात वर्षभराचे नाव जाते.

ओढलेली हवा शुद्ध करणे

एवढे झाल्यावरही शेडमधल्या हवेला वास असतोच, आणि ती पंख्याने ओढून शुद्ध करावी लागते. पंखा असा असावा की शेडमध्ये किंचित उणा दाब राहील, म्हणजे फटींतून हवा आत येईल, बाहेर जाणार नाही. समजा शेड २० मीटर लांब, १२ मीटर रुंद आणि ६ मीटर उंच आहे. तिच्यातली १,४४० घनमीटर हवा तासाला चार वेळा बदलायची तर ५,७६० घनमीटर, म्हणजे सेकंदाला १.६ घनमीटर हवा ओढावी लागेल. बायोफिल्टरमध्ये ती हवा ५० सेकंद थांबावी असे धरले तर ८० घनमीटर माध्यम लागते, म्हणजे आठ मीटर बाय आठ मीटरचा आणि सव्वा मीटर खोलीचा हौद. लाकडाचे तुकडे, नारळाच्या शेंड्या आणि पिकलेले कंपोस्ट यांचे मिश्रण त्यात चालते. जिवाणू या ओल्या माध्यमावर राहतात आणि वासाचे पदार्थ खातात. ओलावा ४० ते ६० टक्के हवा. पुण्याच्या उन्हाळ्यात हौद वरून ओला दिसतो आणि खालून, जिथून हवा शिरते तिथे, कोरडा ठणठणीत असतो. म्हणून आत शिरणारी हवाच पाण्याने ओली करावी आणि महिन्यातून एकदा हाताने खालचे माध्यम काढून पिळून पाहावे. दोन-चार थेंब आले तर ठीक, चुरा झाला तर जिवाणू मेले आहेत.

अमोनिया जास्त असेल तर बायोफिल्टरच्या आधी पातळ सल्फ्युरिक आम्लाचा स्क्रबर (हवा द्रवाने धुणारा मनोरा) लावावा, आणि हायड्रोजन सल्फाइड जास्त असेल तर कॉस्टिक सोड्याचा. हायपोक्लोराइट वापरणार असाल तर आम्लाचा टप्पा आधी हवा, नाही तर अमोनियाशी क्लोरिनचा संयोग होऊन नवाच झोंबणारा वास तयार होतो. आणि हायपोक्लोराइट व आम्ल यांची भांडी, नळ्या आणि गळतीचे हौद पूर्ण वेगळे ठेवावेत. अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन शेवटच्या पुसणीसाठी उत्तम, पण मुख्य भार त्याच्यावर टाकला तर तो लवकर भरतो आणि खर्च परवडत नाही. सुगंधी फवारा आम्हीही मागवला होता हे वरच्या हकिकतीत आलेच आहे, पण माझे मत आता पक्के आहे: त्याने कचऱ्याच्या वासात गुलाबाचा वास मिसळतो आणि लोकांना फसवले गेल्यासारखे वाटते.

वारा आणि शेजारी

पावसाळ्यात पुण्यावर वारा पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे त्या काळात प्रकल्पाच्या पूर्वेकडच्या वस्तीकडे लक्ष ठेवावे. हिवाळ्यातल्या रात्री मात्र वारा जवळपास पडतो, जमिनीलगत गार हवेचा थर बसतो आणि तो टेकड्यांवरून ओढ्या-नाल्यांच्या वाटेने नदीकडे सरकतो. वास त्याच्याबरोबर जातो आणि वर विरत नाही. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ढीग उलटणे, सम्प उपसणे, माध्यम बदलणे अशी उघडी कामे सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळातच करावीत, जेव्हा ऊन जमीन तापवते आणि हवा वर उठते. साधे वातकुक्कुट आणि तापमापक प्रकल्पावर लावावे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची २००८ सालची दुर्गंधीविषयक मार्गदर्शक तत्त्वे वाचावीत आणि राज्य मंडळाच्या संमतिपत्रातल्या अटी भिंतीवर लावाव्यात, पण तक्रारवही त्याहून जास्त उपयोगी पडते. तिच्यात तक्रारीची वेळ, ठिकाण, वासाचा प्रकार आणि त्या तासाचा वारा, आणि त्यापुढे त्याच वेळी प्रकल्पात कोणते काम चालू होते ते लिहावे. दोन महिन्यांत या नोंदींतून वाट दिसू लागते: मंगळवारीच का, पहाटेच का, कोबीचाच का. तक्रार करणाऱ्याला काय सापडले ते कळवावे, आणि काही सापडले नसेल तर तसेच सांगावे. "आमचा वास नाहीच" असे पाहिल्याशिवाय म्हणू नये.

टाकी साफ करण्यासारखे मोठे काम असेल तेव्हा वास येणारच असतो. अशा वेळी आजूबाजूच्या सोसायट्यांच्या सूचना फलकांवर आणि ग्रुपवर दोन दिवस आधी कळवावे, की अमुक दिवशी अकरा ते चार वास येईल, खिडक्या लावून घ्याव्यात, आणि हा क्रमांक त्या दिवशी चालू असेल. फोन उचलणारा माणूस कामाच्या जागी उभा असलेलाच असावा. काम लांबणार असे दुपारी दोनला दिसले तर तसा निरोप दोनलाच द्यावा, चारची वाट पाहू नये.